देवासमोर बसतो पण डोक्यात हिशोबच चालू राहतो, तुम्ही काय करता?

केळीवाला_रावेर:
राम राम मंडळी. मागच्या आठवड्यातल्या वादळात आमची केळीची बाग आडवी झाली, घड कापणीला आले होते, व्यापारी बघून पण गेला होता आणि अर्ध्या तासात खोडं मधूनच मोडली. सोसायटीचं कर्ज, त्यात बहिणीचं लग्न ठरलेलं. आई म्हणते देवाजवळ बसत जा, बरं वाटंल. बसतो, पण डोळे मिटले की खतवाल्याची उधारी आणि ठिबकचा हप्ताच दिसतो. संकटात देवाचा आधार मिळतो म्हणतात तो नेमका मिळतो कसा? टिंगल करणाऱ्यांनी लांब राहा प्लीज.

तापीकाठ:
भो, आधी सांग विम्याला ७२ तासांच्या आत कळवलं का? पंचनाम्याच्या मागे लाग, ते काम देव करणार नाही. आणि एकट्यानं बसलं की हिशोब येणारच, मला पण येतात. संध्याकाळी हरिपाठाला जाऊन उभा राहा, टाळ हातात घे, ठेका चुकला की शेजारचा म्हातारा असा बघतो की उधारी आपोआप विसरते 😀 आपण मुक्ताईच्या मुलखातली माणसं. ज्ञानेश्वर जगावर रुसून ताटी लावून आत बसले तेव्हा ह्या धाकट्या बहिणीनंच त्यांना ती उघडायला लावली ना, तू पण नको बसू दार लावून. कोथळीहून मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते तिच्यासोबत एक-दोन मुक्काम तरी चाल.

पांझराकाठचा:
मी फार देवभोळा नाही, पण वडील आयसीयूत होते तेव्हा एकविरा मातेच्या देवळात जाऊन नुसता बसायचो, मागायचो काहीच नाही. फरक पडला, का पडला ते मला सांगता येणार नाही. फक्त नवस, गंडेदोरे, अंगात येणारे ह्यांच्या नादी लागू नको, अशाच वेळी ते बरोबर दारात येतात.

शिरपूरची_मावशी:
बेटा, हे गेले त्या वर्षी मी देव्हाऱ्याकडे बघणंच सोडलं होतं. श्रावणात घरी कानबाई देवी आल्या, नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात आमच्याकडे, आणि ह्यांच्या नावाची मूठ कोणी घेतली नाही. मी उठून मागच्या खोलीत गेले. सासूबाई मागोमाग आल्या, हाताला धरून बाहेर नेलं आणि कानबाईच्या नारळाला नथ घालायचं काम माझ्याच हातात दिलं. विधवेनं करू नये म्हणणाऱ्या दोघी-तिघी होत्याच, सासूबाईंनी एका नजरेत गप्प बसवल्या. त्या रात्री मी देवीला इतकं बोलले, इतकं भांडले की विचारू नको, आणि कितीतरी दिवसांनी झोप लागली बघ. मन लागलंच पाहिजे असं कोणी सांगितलं तुला? उधारीची वही घेऊन बस तिच्यापुढे, वाचून दाखव सगळी.

केळीवाला_रावेर:
मावशी, डोळ्यात पाणी आलं. तापीकाठ भाऊ, विम्याला दुसऱ्याच दिवशी कळवलं होतं, पंचनामा बाकी आहे, उद्या परत जातो. खोडांच्या बुडाशी फुटलेली पिलं वाचलीत बरीच, त्यांच्यावरच पुढची बाग, म्हणजे पिलबाग, धरायचा विचार आहे. हरिपाठाला आज जाऊन बघतो, पण टाळ मला अजिबात येत नाही.

तापीकाठ:
मागच्या रांगेत उभा राहा, तिथं कोणालाच येत नाही.