लाज सगळ्यांना सारखी लागत नाही

‘शेजारी काय म्हणतील ही धास्ती घातली की लोक मुकाट मतदानाला जातात’ हे सरासरीपुरतं खरं आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ऑगस्ट २००६ च्या प्राथमिक निवडणुकीआधी (पक्षांचे उमेदवार ठरवणारी निवडणूक) गर्बर, ग्रीन आणि लॅरिमर या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी हेच करून पाहिलं. तुम्ही आणि शेजाऱ्यांनी मागे मत दिलं होतं की नाही, याची यादीच पत्राने घरी धाडली; वर निवडणुकीनंतर नवी यादी पाठवू असंही बजावलं. पत्र न मिळालेल्यांत मतदान २९.७ टक्के, यादीवाल्यांत ३७.८. नुसतं कर्तव्य सांगणाऱ्या पत्राने दोन टक्क्यांचीही भर पडली नाही.

पण सरासरीत स्वभाव दिसत नाही. गर्बर आणि सहकाऱ्यांनी पुढे तेही तपासलं: नव्या गोष्टींना मोकळी असलेली माणसं साधारण कुठल्याही आवाहनाने हलतात, इतरांचं मात्र आवाहनागणिक बदलतं. आमच्या घरातलंच बघा. सोसायटीच्या ग्रुपवर शाईच्या बोटांचे फोटो पडायला लागले तशी आई घाईने निघाली. बाबा मात्र ‘हजेरी घेताय का माझी?’ म्हणत दुपारभर हटून बसले. गेले शेवटी, पाचनंतर. फोटो काही टाकला नाही.