टीव्हीवर अकरा मिनिटं बोललो, दाखवली आठ सेकंदं. आता पुन्हा बोलावलंय

बागवान_तासगाव

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं डाऊनी रोग, छाटणी नाहीतर बेदाण्याचा दर याच्यापलीकडं काही विचारत नाही. आजचा विषय जरा वेगळा आहे, ॲडमिननी चालवून घ्यावं.

गेल्या नोव्हेंबरात अवकाळी झाला तेव्हा आमची द्राक्षबाग फुलोऱ्यात होती. ऑक्टोबर छाटणी घेऊन चाळीस दिवस झालेले. एका रात्रीत घडकुज आणि गळ, पुढचं इथल्या लोकांना सांगायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी एका वाहिनीचा पोरगा बूम माइक घेऊन बागेत आला. पोरगा चांगला होता, चहासुद्धा घेतला नाही, पुढच्या गावाला जायचं होतं त्याला. मी अकरा मिनिटं बोललो. किती फवारण्या झाल्या, एकरी खर्च किती, आणि मुख्य म्हणजे विम्याचं. सगळं बोलून झालं तरी त्यानं माइक काही मागं घेतला नाही. नुसता बघत राहिला. मला ती शांतता सोसेना. म्हटलं, "आता औषध बागेला मारायचं का आपणच प्यायचं, तेवढं सांगा." माझा चुलतभाऊ शेजारी हसलासुद्धा.

संध्याकाळी तेवढंच दाखवलं. आठ सेकंदं. चुलतभावाचं हसणं कापलं आणि खाली रडकं संगीत टाकलं.

रात्री विट्याहून सासऱ्यांचा फोन. मग मामांचा. मग कोल्हापूरला हॉस्टेलवर असलेल्या लेकीचा. ती बातमीचं काहीच बोलली नाही. "पप्पा, जेवलात का?" एवढंच तीन वेळा विचारलं.

आता दुसऱ्या एका वाहिनीनं गुरुवारी संध्याकाळी चर्चेला बोलावलंय. घरूनच, मोबाइलवरून, थेट. आणि त्याच्या पुढच्या सोमवारी आकाशवाणी सांगलीला मुलाखतीचं रेकॉर्डिंग आहे. ग्रामसभेत मी तासभर बोलतो, सरपंचालाही सोडत नाही. पण माइक तोंडापुढं आला की एकतर गाडी न्यूट्रलवर जाते, नाहीतर ब्रेक लागत नाही. आणि भाषेचं काय करायचं? मी 'पानी' म्हणणारा माणूस. पुस्तकी बोलायला गेलो की आपण दुसऱ्याचाच शर्ट घातलाय असं वाटतं. कुणी असल्या मुलाखती दिल्या असतील किंवा घेतल्या असतील तर सांगा.

जुना_कॅमेरावाला_मिरज

दादा, वीस वर्षं बातम्यांसाठी कॅमेरा चालवला, आता लग्नं करतो. म्हणजे दुसऱ्यांची.

तुम्ही अकरा मिनिटं बोलला तिथंच खेळ गेला. बातमी असते दीड मिनिटाची. त्यात तुमच्या बाइटला, म्हणजे तुमच्या बोलण्याच्या तुकड्याला, जागा दहा-पंधरा सेकंदं. तुम्ही अकरा मिनिटं दिली की त्यातली कुठली दहा सेकंदं घ्यायची ते एडिटिंगला बसलेला ठरवणार, आणि त्याच्या डोक्यावर सातचं बुलेटिन. सर्वात झणझणीत दिसेल ते तो उचलतो. तुमच्याशी त्याचं वैर नसतं. म्हणून निवड तुम्ही आधीच करून जायची. एक गोष्ट ठरवा, ती दोन वाक्यांत बसवा, बोला आणि गप्प बसा.

ते माइक मागं न घेणं हे जुनं आहे. आम्हाला शिकवायचेच, उत्तर संपलं तरी तीन सेकंद धरून ठेव, माणूस स्वतःहून काहीतरी ओततो. ती शांतता भरायची जबाबदारी तुमची नाही, रिपोर्टरची आहे. त्याच्याकडं बघत उभं राहा. फार तर "एवढंच" म्हणा.

दुसरं, रिपोर्टरचा प्रश्न बहुतेक कापतात. त्यानं विचारलं "विमा मिळाला का?" आणि तुम्ही म्हणाला "नाही ओ, कुठलं", तर ते उत्तर कुणाच्या कामाचं नाही. "द्राक्षाचा विमा मला मिळाला नाही, कारण..." असं प्रश्न पोटात घेऊन बोलायचं. आणि चेष्टा, टोमणा, कुत्सित बोलणं बागेत चालतं, कॅमेऱ्यापुढं नाही. कापल्यावर टोन जातो, शब्द राहतात. माइक कॉलरला लावलाय तोवर तर 'हे आपलं खाजगीत सांगतो' असलं काही नसतं.

२०१९ च्या महापुरात मी सांगलीत आयर्विन पुलाजवळ होतो. धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ च्या वर. सगळ्या राज्यातून कॅमेरे आलेले. मोठमोठे लोक येऊन पाच-पाच मिनिटं बोलून गेले, त्यातलं एक अक्षर आठवत नाही. आठवतो तो बोटीवरचा एक पोरगा, अंगावर ओला टीशर्ट. प्रत्येक बूमपुढं तो तेच सांगायचा: कुठल्या गल्लीत माणसं अडकलीत, किती आहेत, त्यांना आधी काय पाहिजे. बास. तेवढं बोलून बोटीत. त्याचा बाइट कुणालाच कापावा लागला नाही.

कडवट_सांगलीकर

जाऊच नका. चर्चा म्हणजे सहा चौकटी आणि सहाही जण एकदम ओरडतायत. तुम्हाला रडायला बोलावतात. नाही रडलात तर पुढच्या वेळी दुसरा बघतील.

बागवान_तासगाव

कडवट भाऊ, हे डोक्यात आलं होतं. पण मी नाही गेलो तर दुसरा कुणीतरी जाणार, आणि तो नुकसानभरपाई पाहिजे एवढंच म्हणून येणार. मला विम्याचं बोलायचंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फळपिकाचा हा विमा हवामानावर आधारित आहे. अवकाळी पावसात बाग किती गेली हे कुणी शेतात येऊन मोजत नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर किती पाऊस नोंदला त्यावर ठरतं. आमचं केंद्र माझ्या बागेपासून नऊ किलोमीटरवर. त्या रात्री तिथं ४ मिलिमीटर. माझ्या बांधावर मी स्वतः पर्जन्यमापक लावलाय, रोज सकाळी वहीत लिहितो, त्यात ३८. हे अकरा मिनिटांत मी दोनदा सांगितलं होतं.

कॅमेरावाले दादा, तुमचं वाचून वही काढली आणि दोन वाक्यांत बसवायला घेतलं. पहिला प्रयत्न अर्ध्या पानाचा झाला.

उद्घोषिका_विश्रामबाग

बागवान दादा, मी आकाशवाणीला काही वर्षं नैमित्तिक उद्घोषक होते, शेतीच्या मुलाखतीही घेतल्या. आधी भाषेचं सांगते, कारण तिथंच सगळे अडतात.

'पानी' म्हणा. खुशाल म्हणा. माझ्यासमोर एक हळदीवाले काका बसले होते. स्टुडिओबाहेर इतकं रसाळ बोलत होते, आणि लाल दिवा लागल्याबरोबर "सदर पिकाच्या अनुषंगाने" सुरू झालं! मी रेकॉर्डिंग थांबवलं, त्यांना विचारलं, "काका, हळद शिजली हे तुम्ही कसं ओळखता?" त्यांनी हवेतच काडी टोचून दाखवली, आणि तिथून पुढं आपल्या भाषेत सुटले. आम्ही तेच ठेवलं. बोली बदलू नका, फक्त वेग उतरवा आणि वाक्याचं शेपूट गिळू नका. आपल्याकडं क्रियापद येईपर्यंत आवाज बसलेला असतो. "मिळालं" का "मिळालं नाही" हेच ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि तुमच्या बाबतीत सगळी गोम त्याच शब्दात आहे.

रेडिओचा माइक तोंडापासून वीतभर. अगदी समोर न ठेवता किंचित बाजूला असला तर 'प' आणि 'फ' चे फटके बसत नाहीत, आणि तुमच्या बोलण्यात पाऊस, पीक, फवारणी, सगळं प-फ चंच आहे. कागद नेलात तर सुटे न्या, पण उलटू नका, बाजूला सरकवा. खिशातली किल्ली, नाणी बाहेर. सकाळी भरपेट खाऊन, वर ताक पिऊन येऊ नका, घसा खाकरत बसाल. कोमट पाणी बरं. आणि रेकॉर्डिंग असेल तर अडखळल्यावर घाबरायचं कारण नाही. क्षणभर थांबा आणि ते वाक्य पहिल्यापासून म्हणा, जोड कुठं आहे ते कुणाला कळत नाही. थेट कार्यक्रमात ही सोय नाही. तिथं चुकलं तर "नाही, चुकलं माझं, ४ मिलिमीटर" म्हणून पुढं जायचं. चूक सुधारणाऱ्या माणसावर ऐकणारा उलट जास्त विश्वास ठेवतो, हा माझा अनुभव.

कऱ्हाडचा_मास्तर

वरचं सगळं पटलं, पण 'एकच गोष्ट ठरवा' याचा अतिरेक नको. २०११ च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या संपाबद्दल तिथले विरोधी पक्षनेते एड मिलिबँड यांची मुलाखत झाली. प्रश्न कुठलाही येवो, यांचं उत्तर जवळजवळ शब्दाला शब्द तेच: संप चुकीचा आहे, दोन्ही बाजूंनी वाटाघाटी कराव्यात. बाइट एकच लागणार म्हणून तीच घोकून आले होते. हिशोब बरोबर होता, पण अख्खं फूटेज बाहेर आलं आणि बघणाऱ्यांना वाटलं, यंत्र अडकलंय. तेव्हा विचारलेल्याला आधी अर्ध्या वाक्यात सरळ उत्तर द्या, मग आपल्या मुद्द्याकडं वळा. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा.

आणि घरून बोलणार असाल तर दाराला कडी लावा. २०१७ मध्ये बुसानहून एक प्राध्यापक दक्षिण कोरियाच्या राजकारणावर बीबीसीवर थेट बोलत होते आणि मागून आधी मुलगी नाचत आली, मग पांगुळगाड्यातलं बाळ. तुमच्याकडं लेकरं मोठी आहेत, पण शेजारची येतील.

जुना_कॅमेरावाला_मिरज

मास्तर, कडीचं बरोबर. दादा, अजून थोडं. मोबाइल डोळ्यांच्या रेषेत ठेवा, मांडीवर ठेवला तर नाकपुड्या दिसतात. खिडकी पाठीमागं नको, समोर पाहिजे. बारीक चौकडीचा शर्ट नको, स्क्रीनवर लहरी मारतो. थेट लिंकवर बघायचं ते लेन्सच्या ठिपक्याकडं, पडद्यावरच्या अँकर बाईंकडं नाही. बागेत बाइट देताना उलटं, तिथं रिपोर्टरकडं बघायचं. आवाज एक-दोन सेकंद उशिरा पोचतो, म्हणून प्रश्न संपल्यावर मनात एक म्हणा आणि मग तोंड उघडा, नाहीतर दोघंही एकमेकांच्या बोलण्यात घुसता. दुसरा बोलत असताना तुम्ही चौकटीत दिसत असता, तेव्हा कान कोरू नका. हे मी बघितलेलं सांगतोय.

बागवान_तासगाव

तीन दिवस तालीम चाललीय. बायको प्रश्न विचारते, मी उत्तर देतो, मोबाइलवर रेकॉर्ड करून दोघं ऐकतो. पहिलं रेकॉर्डिंग ऐकून कळलं की मी प्रत्येक वाक्याच्या आधी "आता कसंय बघा" म्हणतो. दोन मिनिटांत नऊ वेळा. आणि उद्घोषिकाताई म्हणतात तसं शेपूट खरंच गिळतो.

दोन वाक्यांवर गाडी येत नव्हती. महसूल मंडळ, ट्रिगर (किती पावसाला विमा लागू होतो ती मर्यादा), नोंद, सगळं घालत होतो. शेवटी बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "आपल्या बागेत पाऊस पडला, त्यांच्या यंत्रात पडला नाही, असंच सांगा की." तेच घेतलं. मी फक्त नऊ किलोमीटर घातलं.

बागवान_तासगाव

झालं एकदाचं. शुक्रवारी पहाटे लिहितोय, झोप नाही.

मोबाइल दोन क्रेट रचून त्यावर ठेवला, दाराला कडी, पंखा बंद. साडेसहाला त्यांच्या माणसानं लिंक तपासली आणि पुढची पंचवीस मिनिटं नुसतं बसवलं. पाठ भिजली. त्यात शेजारच्यानं ब्लोअर चालू केला, फवारणीला त्याला हीच वेळ सापडली. मुलगा कुंपणावरून उडी मारून पळाला आणि बंद करून आला.

माझ्या वाट्याला दोनच प्रश्न आले. पहिल्याला बाईंनी विचारलं, "दादा, रात्री झोप लागते का?" मला बागेतली ती आठ सेकंदं आठवली. मनात एक म्हटलं. मग म्हणालो, "झोप लागते ताई, दिवसभर राबतो. पण माझ्या बागेत पाऊस पडला आणि नऊ किलोमीटरवरच्या यंत्रात पडला नाही, म्हणून द्राक्षाचा विमा मला मिळाला नाही." आणि गप्प बसलो. समोरून दोन सेकंद काहीच आवाज नाही. आयुष्यातली सर्वात लांब दोन सेकंदं. पण ती मी भरली नाहीत. मग त्यांनीच विचारलं, "यंत्रात पडला नाही म्हणजे नेमकं काय?" तेव्हा मी वही उघडून कॅमेऱ्यापुढं धरली. ३८ आणि ४. वही उलटी धरली होती हे नंतर कळलं.

त्यानंतर दोन पक्षांचे दोघं एकमेकांवर तुटून पडले ते शेवटपर्यंत. मी कान कोरला नाही.

माझं वाक्य खाली पट्टीवर चालवलं, पण टाइप करताना नऊचे नव्वद किलोमीटर केले. रात्रीपासून लोक फोन करून विचारतायत, तासगावचं यंत्र सोलापूरला बसवलंय का?

जुना_कॅमेरावाला_मिरज

म्हणून आकडे आदल्या दिवशीच लिहून व्हॉट्सॲप करायचे असतात. हे सांगायचं राहिलं, चूक माझी. त्यांना सकाळीच मेसेज टाका, क्लिप अजून फिरतेय तोवर पट्टी बदलून देतील. वही मात्र झकास.

बागवान_तासगाव

टाकला मेसेज. सोमवारी विश्रामबागच्या ताईंनी सांगितलंय तसं ताक न पिता जाणार. लेकीचाही मेसेज आलाय: "पप्पा, कॉलर एका बाजूनं आत गेली होती. बाकी बरं."