गाइडबरोबर पकडलेला मासा नक्की कुणाचा?

काठावरचा:
परवा इथे एकानं लिहिलं, "आडवाटेच्या पाण्यावर गाइड घेऊन पकडलेला ट्राउट तुमचा नसतो, गाइडचा असतो. तुम्ही नुसते रॉड धरून उभे." दोन ओळी लिहून माणूस मोकळा झाला, पण मला दोन दिवस ते डोक्यातून जाईना म्हणून सविस्तर लिहितोय.

बारा वर्षं फ्लाय फिशिंग (हुकाला पिसं-दोरा बांधून केलेल्या नकली माशीनं मासेमारी) करतोय, पण सगळं रस्त्यालगतच्या पाण्यावर, पाळून आणून सोडलेल्या माशांवर. कास्ट, म्हणजे गळाची फेक, बऱ्यापैकी बसलाय असा माझा समज होता. मग न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर गाइडबरोबर तीन दिवस एका बॅककंट्री नदीवर गेलो, नाव लिहिणार नाही. गाडी सोडल्यावर साडेचार तास चाल. पाणी इतकं नितळ की तळाचा एकेक गोटा मोजून घ्यावा, आणि मला एकही मासा दिसेना. गाइडनं दंड धरून सांगितलं, त्या पिवळट दगडामागे बघ, मासा शोधू नकोस, काय हलतंय ते शोध. पाच मिनिटं डोळे ताणून बघतोय तोवर तो "दगड"च जरा डावीकडे सरकला आणि तोंड उघडलं तसं आतलं पांढरं चमकलं. ब्राउन ट्राउट, निम्फ (पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या) खात होता. मी एक पाऊल पुढे टाकलं, पायाखाली गोटा खटकन वाजला, मासा गायब. तिथे मासे मोठे पण मोजके, एक पळाला की पुढच्यासाठी पुन्हा चालत सुटायचं. पहिले दोन दिवस माझं खातं कोरं.

तिसऱ्या दिवशी गाइडच्या आधी मला दिसला. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो म्हणून खालून, मागून गेलो. ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी नकली माशी टाकली, तो वर आला, इतका सावकाश की छाती धडधडायला लागली. तोंड मिटून खाली वळेपर्यंत थांबलो आणि मगच रॉड उचलला. आता सांगा, हा मासा कुणाचा?

उलटा_प्रवाह:
ते वाक्य माझं आहे आणि मी ते मागे घेत नाही. तुम्हाला तीन दिवसांत जे दिसायला लागलं ते एकट्यानं शिकायला मला सहा वर्षं लागली, पण मला त्याचं दुःख नाही. माझा जीव तुटतो त्या पाण्यासाठी. असा मोठा ब्राउन एकदा गळाला लागला की पुढे कितीतरी दिवस माणसाची सावली पडली तरी दडून बसतो. गाइडला हंगामभर रोज नवीन पाहुणे, दऱ्या मात्र त्याच पाच-सहा. आता तर हेलिकॉप्टरनं थेट वरच्या डोहापाशी उतरतात. ज्या ओढ्यावर मी दोन दिवस चालून जायचो तिथे गेल्या खेपेला एकच मासा मिळाला, त्याच्या जबड्याला दोन्ही बाजूंनी जुन्या हुकांच्या खुणा होत्या. मी हुक काढून त्याला पाण्यात सरळ धरला, कल्ले नीट चालायला लागल्यावर सोडला आणि रॉड गुंडाळून परत फिरलो. त्या ओढ्यावर पुन्हा गेलो नाही.

निम्फवाली:
दादा, तुमची तळमळ पटते पण सगळे गाइड एका माळेचे मणी नसतात. माझ्या गाइडनं एका डोहावर मला गळ टाकू दिला नाही, कारण वाळूत आदल्या दिवसाचे बुटांचे ठसे होते. आम्ही तासभर चालून पुढच्या वळणावर गेलो. स्वतःच्या पोटावर पाय देऊन पाण्याला विसावा देणारा माणूस आहे तो.

आणि जिवाचं कुणी बोलतच नाही. मी एकटी गेले होते तेव्हा सकाळी नदी गुडघाभर होती, दुपारी परतताना कमरेपर्यंत. माझ्या डोक्यावर ऊन आणि वर कुठेतरी डोंगरात पाऊस. मधोमध पाय सुटले. वेडरचा (पाण्यात उतरायच्या छातीपर्यंतच्या जलरोधक विजारीचा) पट्टा घट्ट होता म्हणून आत पाणी भरलं नाही आणि मी खाली एका उथळ जागी लागले. बरोबर माहीतगार असता तर पाणी गढूळ व्हायला लागल्याबरोबर त्यानं मला मागे फिरवलं असतं.

शेवाळ_नको:
मासा कुणाचा यावर भांडताय, पण पाण्यात उतरण्याआधी बूट कुणी धुतो का ते सांगा! डिडिमो नावाचं शेवाळ न्यूझीलंडमध्ये सापडलं २००४ मध्ये, दक्षिण बेटावरच्या वायाऊ नदीत. तळाच्या दगडांवर गोधडी पांघरल्यासारखं पसरतं, दिसायला बुळबुळीत पण हाताला ओल्या लोकरीसारखं लागतं. पसरायला पाण्याचा एक थेंब पुरतो. म्हणून तर २००८ पासून तिथे फेल्ट सोलवर, म्हणजे बुटाच्या दाबलेल्या लोकरीसारख्या तळव्यावर, बंदी आहे. आणि मी दुसऱ्याच एका देशात एका गाइडच्या गाडीत पाहुण्यांसाठीचे फेल्टचे बूट ढिगानं पाहिलेत, कालच्या नदीतून आलेले, तस्सेच ओले. रोज नवी दरी दाखवायची आणि कालच्या दरीचं पाणी बुटातून तिथे न्यायचं. मी हे बोललो तर मलाच वेड्यात काढलं.

जुनाकास्ट:
फेल्टला शिव्या देणं सोपं आहे. फेल्ट सोडून रबर सोल घातला त्याच वर्षी शेवाळलेल्या दगडावरून घसरून माझं मनगट मोडलं, पुढचा सगळा हंगाम घरात. अमेरिकेत व्हर्माँटनं २०११ मध्ये फेल्टबंदी आणली आणि २०१६ मध्ये उठवली, ते का सांगा की. कारण बऱ्याच नद्यांत डिडिमो मुळातच होतं आणि पाण्यात फॉस्फरस फार कमी झाला की फोफावतं, असं २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनीच मांडलं. बूट फुकट बदनाम झाले.

शेवाळ_नको:
फुकट??? तिथलं इथे चिकटवू नका. न्यूझीलंडमध्ये ते बाहेरूनच आलं. फॉस्फरस कमी असणं ही झाली त्याला मानवणारी जागा, पण तिथवर त्याला पोचवलं कुणी? उडत तर आलं नाही! फेल्ट आतून दिवसेंदिवस ओला राहतो, वरून हात लावून कोरडा वाटतो आणि तिथेच माणूस फसतो.

जुनाकास्ट:
आवाज चढवून बोलू नका, वयानं मोठा आहे मी. लेस ओल्या राहत नाहीत? वेडरची शिवण, नेटची जाळी? तुमचे रबरवाले बूट झटकून निघतात आणि स्वतःला सोवळे समजतात. बंदी कसली घालता, धुवायला लावा, सगळ्यांना, सगळं.

शेवाळ_नको:
काका, चढलेल्या आवाजाबद्दल माफ करा. लेसचं बोललात ते लागलं. रात्री बूट काढून बघितले, लेसच्या भोकांत हिरवं साचलेलं होतं. माझ्याच. पण फेल्टबद्दल माझं मत बदलणार नाही.

उलटा_प्रवाह:
बुटांवरून मुद्दा भरकटला, मी परत आणतो. काठावरचा, तुम्ही नदीचं नाव लपवलंत ते चांगलं केलंत, पण गेल्या आठवड्यात टाकलेल्या तुमच्या फोटोत मागे डोंगराचा सुळका आणि दोन ओढ्यांचा संगम स्वच्छ दिसतोय. मला जागा ओळखायला दहा मिनिटं लागली नाहीत. शिवाय मासा छातीपाशी, पाण्याच्या पार वर. फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांचा १९९२ चा प्रयोग बघा, दमवलेले रेनबो ट्राउट हवेत न काढता सोडले त्यातले १२ टक्के मेले, ३० सेकंद हवेत धरलेले ३८ टक्के आणि एक मिनिट धरलेले ७२ टक्के. तुमचा किती वेळ वर होता?

काठावरचा:
तो प्रयोग प्रयोगशाळेतला आहे, टाकीत पाठलाग करून दमवलेल्या माशांवरचा, नदीतल्या माशाला आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण विचारलंत म्हणून खरं सांगतो. गाइडनं तीन फोटो काढले, माझे हात थरथरत होते, मधे मासा निसटला तो पुन्हा धरला. तीस सेकंदांच्या वर नक्की गेले. सुळक्याचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. फोटो काढून टाकलाय.

उलटा_प्रवाह:
बरं केलंत. तो तिसऱ्या दिवशीचा मासा तुमचा, एवढं मान्य करतो. हेलिकॉप्टरवाल्या गाइडांबद्दल शब्द बदलणार नाही.

निम्फवाली:
हेलिकॉप्टरला माझाही विरोधच आहे, त्याचं समर्थन माझ्या तोंडी घालू नका.

जुनाकास्ट:
शेवाळवाले, एक विचारायचं राहिलं. रबर सोलला धातूचे स्टड बसवले तर गुळगुळीत दगडावर पकड मिळते का? मनगट अजून दुखतं आणि मला पुढच्या हंगामात पाण्यात उतरायचंय.

शेवाळ_नको:
मिळते काका. टंगस्टनचे घ्या, टाचेला आणि चवड्याच्या कडेला बसवा. फक्त मासा दिसला की पाय हळू टाका, स्टड दगडावर वाजतात.