नुसत्या आदेशाने नोंदी खऱ्या होत नाहीत

सरकारी कार्यालयांत हिशेबाची नवी पद्धत आणायची तर वरून आदेश निघाला की खालचे आपोआप जुळवून घेतात, असं काहींचं मत असतं; मला ते पटत नाही. न्यूझीलंडने १९८९ च्या सार्वजनिक वित्त कायद्याने उपार्जित लेखापद्धती (पैसे हातात येण्या-जाण्याची वाट न पाहता, देणं किंवा येणं तयार होताच त्याची नोंद करणारी पद्धत) आणली, तेव्हा पैसा नेमका कशावर खर्चायचा हे ठरवायची मोकळीकही सरकारी खात्यांच्या प्रमुखांना दिली. नव्या हिशेबाबरोबर त्यांच्या पदरात काहीतरी पडलं, हे फार महत्त्वाचं.

आमच्या कार्यालयात हिशेबाच्या पद्धतीत असाच बदल झाला तेव्हा बिलं तपासणाऱ्या लेखापालांना कुणी विचारलंच नाही. थकलेली देणी कुठे दाखवायची ते संगणकावरच्या नव्या फॉर्ममध्ये सापडेना, म्हणून ते वर्षभर स्वतःची वही लिहीत राहिले. शेवटी ती वही समोर ठेवूनच फॉर्म बदलला. त्यानंतर शेजारच्या टेबलांना शिकवायला तेच पुढे आले.