ऑक्टोबरात कळसूबाई, वीस जणांसह

वीस जण, एका दिवसात कळसूबाईचं शिखर चढणं जमेल का, असं एकाने विचारलंय. जमेल की! १६४६ मीटर ऐकून बिचकू नका, बारी गावातून मळलेली वाट आहे. फक्त नवरात्र टाळा; शिखरावरच्या देवीच्या दर्शनाला रीघ असते, लोखंडी शिड्यांपाशी ताटकळावं लागतं. उजाडताच चढायला लागा. ऑक्टोबरचं ऊन भाजून काढतं आणि वर सावली नावालाच. माणशी तीन लिटर पाणी हवंच. वाट माहीत असलेला एक जण पुढे, एक सगळ्यात मागे. दमलेल्याला 'ये तू सावकाश' म्हणून सोडून जाणं मला तरी पटत नाही. सोनकी फुललेली असेल, पण फोटोसाठी गवतात शिरू नका; कुसळं मोज्यांत घुसली की दिवसभर टोचतात.