कॉन्फरन्सची 'प्रतिष्ठा', 'दबदबा' की 'पत'?

कोलंबस, ओहायो

नमस्कार. आमच्या मंडळाच्या अंकासाठी अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवर लेख लिहितेय आणि एका वाक्यावर अडलेय: "उत्तरहंगामातल्या निकालांवर कॉन्फरन्सची देशभरातली प्रतिष्ठा ठरते." व्याकरणात खोट नाही, पण 'प्रतिष्ठा' वाचलं की मला समारंभातली पहिली रांग दिसते. मला म्हणायचंय ते वेगळं आहे.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगते. हा चेंडू हातात घेऊन पळायचा अमेरिकन फुटबॉल. विद्यापीठांचे संघ कॉन्फरन्स नावाच्या मोठ्या गटांत बांधलेले असतात: बिग टेन, एसईसी, एसीसी, बिग ट्वेल्व्ह वगैरे. (बिग टेनमध्ये आता अठरा विद्यापीठं आहेत, नाव मात्र तेच.) नियमित हंगामात साधारण बारा सामने आणि त्यातले आठ-नऊ आपल्याच कॉन्फरन्समधल्यांशी. तिथे एकाचा विजय तो दुसऱ्याचा पराभव, बेरीज तिथल्या तिथेच राहते. घरातल्या घरात पैसे फिरवले तर घराची श्रीमंती कशी कळणार? ती कळते हंगामाच्या सुरुवातीच्या मोजक्या सामन्यांत आणि मग नियमित हंगाम संपल्यावर डिसेंबर-जानेवारीत होणाऱ्या बाउल सामन्यांत, जिथे वेगवेगळ्या कॉन्फरन्सचे संघ समोरासमोर येतात.

मी इथे नवीन असताना, ८ जानेवारी २००७ ला, ओहायो स्टेट विरुद्ध फ्लोरिडा हा अंतिम सामना पाहिला. आम्ही, म्हणजे बिग टेनमधली ओहायो स्टेट, अपराजित, पहिल्या क्रमांकावर. पहिल्याच किकऑफवर टेड गिन चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपार गेला आणि आमची खोली अक्षरशः नाचली. त्यानंतर जे झालं ते बघवत नव्हतं. ओहायो स्टेटच्या आक्रमणाला संपूर्ण सामन्यात ८२ यार्ड मिळाले, निकाल ४१-१४. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणी "ओहायो स्टेट हरली" म्हणत नव्हतं. "बिग टेन संथ आहे" असं म्हणत होते. एका संघाची हार, आणि बोलणी अख्ख्या गोतावळ्याला! या गोष्टीला मराठीत काय म्हणू?

नागपूर

'दबदबा' घ्या. एसईसीने २००६ ते २०१२ असे सलग सात हंगाम राष्ट्रीय विजेतेपद घरी नेलं: फ्लोरिडा दोनदा, अलाबामा तीनदा, एलएसयू (लुइझियाना स्टेट) आणि ऑबर्न एकेकदा. याला दबदबाच म्हणतात. बोलीत हवं असेल तर 'वट'.

सातारा

ताई, मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण तुमच्या वाक्यातला 'उत्तरहंगाम' खटकला. उत्तररात्र हा रात्रीचाच भाग असतो, उत्तरायुष्य हे आयुष्याचाच. त्याच चालीवर 'उत्तरहंगाम' म्हटलं तर वाचणारा हंगामाचा शेवटचा टप्पा समजेल. तुमचे सामने हंगाम संपल्यावर होतात ना? मग 'हंगामोत्तर' हवं. युद्धोत्तर, विवाहोत्तर, मरणोत्तर म्हणतो तसं. शब्द तेच, जागा बदलली की अर्थ बदलतो.

'बाउल' असंच लिहा, 'बोल' नको. "या पराभवाचा बोल कॉन्फरन्सला लागला" असं वाक्य तुमच्या लेखात येणारच, आणि तिथे गोंधळ होईल.

अटलांटा

साताऱ्याच्या काकांशी सहमत. 'बाउल' हा शब्द मुळात मैदानाच्या आकारावरून आला. पॅसाडेनातलं रोझ बाउल मैदान वाडग्यासारखं खोलगट. मैदानाचं नाव सामन्याला चिकटलं आणि पुढे कुठल्याही हंगामोत्तर सामन्याला.

पण नागपूरकर, 'दबदबा' पुरेसा नाही. दबदबा समोरच्या संघावर असतो, मैदानात. इथे मुद्दा अंतिम सामन्यासाठी संघांची निवड करणाऱ्यांच्या आणि क्रमवारीला मत देणाऱ्यांच्या मनातला आहे. माझं मत 'पत'. पत कधी कळते? कुणी उधार देतं तेव्हा. २००७ च्या हंगामात एलएसयू दोन सामने हरलेली होती, तरी तिला अंतिम सामना मिळाला (आणि तिने ओहायो स्टेटला ३८-२४ हरवलं). २०११ मध्ये अलाबामाने स्वतःची कॉन्फरन्सही जिंकली नव्हती. एलएसयूकडून नोव्हेंबरात ९-६ हरलेली. तरी बिग ट्वेल्व्हच्या विजेत्या ओक्लाहोमा स्टेटला डावलून अलाबामाला त्याच एलएसयूशी पुन्हा अंतिम सामना मिळाला आणि तिने तो २१-० जिंकला. दोन्हीकडे मागच्या वर्षांची जमा उपयोगी पडली असं मी मानतो. प्रतिष्ठेवर उधारी मिळत नाही, पत असली की मिळते.

आणि ही पत सामायिक आहे. इथले प्रेक्षक दुसऱ्या कॉन्फरन्सला हरवलं की "एस-ई-सी, एस-ई-सी" असा घोष करतात. आठवड्यापूर्वी ज्याच्याशी हाडवैर, त्याच्या विजयातही सूर मिसळतात. भावकीच म्हणा ना.

कोलंबस, ओहायो

'भावकी' नको. भावकी सोडून जाता येत नाही. २०२४ मध्ये ओरेगन, वॉशिंग्टन, यूएससी आणि यूसीएलए पॅक-ट्वेल्व्ह ही कॉन्फरन्स सोडून आमच्या बिग टेनमध्ये आल्या, टेक्सस आणि ओक्लाहोमा एसईसीत गेल्या. हे करार आहेत.

पण 'पत' मात्र मनात बसला. लगेच एक उदाहरण आठवलं. डिसेंबर २०१४ मध्ये ओहायो स्टेटने विस्कॉन्सिनला ५९-० असं चिरडलं आणि चार संघांच्या पहिल्या प्लेऑफमध्ये (समितीने निवडलेल्या संघांची बाद फेरी) चौथी जागा मिळवली. तेव्हा ऐकावं लागलं की विस्कॉन्सिनला हरवण्यात काय मोठं. मग १ जानेवारी २०१५. दुपारी त्याच विस्कॉन्सिनने एसईसीतल्या ऑबर्नला ३४-३१ हरवलं, रात्री ओहायो स्टेटने अलाबामाला ४२-३५. विस्कॉन्सिन जिंकली त्या क्षणी आमचे ५९ गुण जड झाले. सामना आमचा नव्हता, पण जमा आमच्याही खात्यावर झाली.

सातारा

तीस वर्षं पतसंस्थेत काढली, म्हणून एक शंका. पत ज्याची त्याची असते. तुम्ही दोघं सांगताय तो व्यवहार जामिनाचा आहे. कर्ज एकाने घ्यायचं, सही दुसऱ्याने करायची, आणि कर्जदार थकला की नोटीस जामीनदाराच्या दारात. मी अशा नोटिसा स्वतः लिहिल्यात. निम्म्या जामीनदारांना आपण सही कधी केली तेही आठवत नसे. तुमच्या खेळात एखादा संघ दुसऱ्याच्या नादारीने बुडाला असं झालंय का?

अटलांटा

काका, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. २०२३ ची फ्लोरिडा स्टेट. तेरापैकी तेरा सामने जिंकून एसीसीची विजेती, तरी प्लेऑफमधून वगळली आणि एक हार असलेली अलाबामा आत. समितीने कारण दिलं ते क्वार्टरबॅक (आक्रमणाचा सूत्रधार) जॉर्डन ट्रॅव्हिसच्या दुखापतीचं. पण माझी खात्री आहे, हाच संघ एसईसीत असता तर बाहेर राहिला नसता. एसीसीच्या सहीला तेवढं वजन उरलं नव्हतं.

पुढचं जास्त वाईट. नंतर ऑरेंज बाउलमध्ये एसईसीतल्या जॉर्जियाने त्यांना ६३-३ हरवलं. फ्लोरिडा स्टेटचे कितीतरी मुख्य खेळाडू त्या सामन्यात उतरलेच नव्हते. तरी आकडा राहिला तो राहिलाच, "बघा, वगळलं ते बरोबरच केलं" म्हणायला. मी स्वतः जॉर्जियाचा पाठीराखा, पण त्या निकालावरून एसीसीला जोखणं मला अन्यायाचं वाटतं. खतावणीत नोंद होते ती रकमेची. कुणाचा हात मोडला होता ते तिथे लिहिलेलं नसतं.

नागपूर

मग पॅक-ट्वेल्व्हचं काय? २०१७ च्या हंगामात त्यांचे नऊ संघ बाउल खेळले, एकटी युटा जिंकली. तिथे 'पत घसरली' की 'नाचक्की झाली'?

सातारा

एका वर्षापुरती नाचक्की. पुढच्या वर्षी कुणी उधार द्यायला कचरला, तर पत घसरली.

कोलंबस, ओहायो

वाक्य बदललं. आता असं आहे: "हंगामोत्तर सामन्यांत एक संघ खेळतो, पण पत साऱ्या कॉन्फरन्सची लागलेली असते, सगळे एकमेकांना जामीन असतात." 'लागलेली' की 'पणाला लागलेली', एवढंच काका सांगा. अंक शुक्रवारी छापायला जातोय.

सातारा

'पणाला' हवंच. नुसती 'लागलेली' म्हणजे दिव्याची वात वाटते.