मदत हवी आहे: आठवी ते दहावीच्या मुलांना सरकार, कर आणि दान एकत्र कसं समजावून सांगावं? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

सोलापूरच्या पूर्वभागात एका समाजमंदिराच्या हॉलमध्ये आम्ही दोघी-तिघी मिळून दर रविवारी आठवी ते दहावीच्या मुलांची अभ्यासिका चालवतो. गणित आणि इंग्रजी झालं की शेवटचा तास नागरिकशास्त्राचा, तो माझ्याकडे असतो. मुलांच्या घरी कुठे यंत्रमाग आहेत, कुणाचे वडील टॉवेलच्या कारखान्यात आहेत, आणि बऱ्याच जणांच्या आया बिड्या वळतात. घरात तेलुगू, कन्नड नाहीतर उर्दू आणि शाळेत मराठी.

दहावीच्या राज्यशास्त्रात संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी आणि लोकशाहीसमोरची आव्हानं असे पाच धडे आहेत. मुलं त्यांची उत्तरं घडाघडा म्हणतात. पण आपल्या प्रभागाला एक सोडून चार नगरसेवक कसे, आणि गटार तुंबलं तर चौघांपैकी कुणाचं दार वाजवायचं, हे त्यांना त्या धड्यांतून कळत नाही. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि नंतर बराच काळ प्रशासकच कारभार बघत होते. या मुलांच्या कळत्या वयातला मोठा काळ नगरसेवकांशिवायच गेला.

आता मूळ अडचण सांगते. आमच्या हॉलजवळ महापालिकेची एक प्राथमिक शाळा आहे. तिथली पिण्याच्या पाण्याची टाकी गळते आणि नळ मोडलेत. आमच्यातल्या काही मुलांची धाकटी भावंडं त्याच शाळेत आहेत. यंदा गड्ड्याला (सिद्धेश्वर यात्रेला) घरून मिळालेल्या पैशांतले थोडे थोडे बाजूला काढून मुलांनी आपणहून दीड-दोन हजार रुपये जमवले, नवी टाकी घेऊन द्यायची म्हणून. मला फार बरं वाटलं. तेवढ्यात नववीतला एक मुलगा उठून म्हणाला, "ताई, शाळा कार्पोरेशनची हाय. मग टाकी कार्पोरेशननीच द्यायला पाहिजे की. आपण कशाला द्यायचं?" त्यावर एक मुलगी उसळून म्हणाली, "मग तवर त्या लेकरांनी पाणीच प्यायचं नाही का?"

दोघांचंही खरं आहे, आणि मला या दोन्ही गोष्टी मुलांच्या मनात एकत्र राहायला हव्या आहेत. नुसतं "हक्क मागा" शिकवलं तर मुलं दुसऱ्याच्या अडचणीपुढे हात बांधून उभी राहायला शिकतील. नुसतं "दान करा" शिकवलं तर ज्यांनी कर गोळा केलाय त्यांना कुणीच काही विचारणार नाही. पैसे सध्या डब्यात ठेवलेत. निर्णय मुलांनीच घ्यायचा आहे, पण त्याआधी त्यांच्या हातात पक्की माहिती द्यायची आहे. कायदा नेमकं काय म्हणतो? जमवलेल्या पैशांचा हिशोब कसा ठेवायला शिकवावा? आणि ज्या मुलांच्या घरीच ओढाताण आहे, त्यांच्यासमोर दानाबद्दल कसं बोलावं? कुणी असं काही केलं असेल तर सविस्तर लिहा.

सातरस्ता

ताई, मी महापालिकेत नोकरी करून निवृत्त झालोय. त्या नववीतल्या मुलाचं उत्तर कायद्यातच आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ मध्ये कलम ६३ आणि कलम ६६ अशी दोन कलमं आहेत. ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कामं दिली आहेत: पाणीपुरवठा, दिवाबत्ती, सफाई, आणि प्राथमिक शाळा चालवणंसुद्धा. ६६ मध्ये ऐच्छिक कामं आहेत, म्हणजे जमलं तर करायची. मुलांना दोन्ही याद्या द्या आणि आपल्या गल्लीतली कामं कुठल्या यादीत बसतात ते त्यांनाच लावू द्या. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीतही शहरी संस्थांकडे द्यायचे १८ विषय आहेत. त्यात कोंडवाडासुद्धा आहे. रस्त्यातली मोकाट जनावरं मुलं रोज बघतात, त्यामुळे ती यादी त्यांना परकी वाटणार नाही.

चार नगरसेवकांचं म्हणाल तर कायद्याने चौघांत कामाची वाटणी नसते. चौघंही सगळ्या प्रभागाचे. म्हणून अर्ज झोन ऑफिसला द्यायचा आणि त्याची प्रत चौघांनाही द्यायची. एकालाच दिली तर बाकीचे तिघं "मला माहीतच नाही" म्हणायला मोकळे.

आणि घरपट्टीचं बिल वर्गात आणायला सांगा. त्यात सामान्य कर वेगळा, वृक्ष कर वेगळा, शिक्षण कर वेगळा. शिक्षण कर महापालिका गोळा करते पण राज्य सरकारकडे भरते. एवढं एक बिल ओळीने वाचलं तरी तास भरतो.

हिप्परगा

भाड्याने राहणाऱ्यांच्या मुलांनी काय आणायचं? घरपट्टीचं बिल नाही म्हणजे आपण कर भरत नाही, असा त्यांचा समज होईल. त्यांना बिस्किटाचा पुडा आणायला सांगा. त्यावर किंमत 'सर्व करांसह' छापलेली असते. बिडी वळणारी बाईसुद्धा साबण घेताना सरकारला कर देते, हे त्या मुलांना कळलंच पाहिजे. हिशोब विचारायचा हक्क तिथूनच येतो.

बार्शीलाईट

शिक्षण हक्क कायदा २००९ बघा. त्याच्या परिशिष्टात शाळेच्या इमारतीचे निकष आहेत, त्यात सर्व मुलांसाठी सुरक्षित आणि पुरेसं पिण्याचं पाणी हा एक. म्हणजे टाकी मागणं ही विनवणी नाही. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला लागतात. ही समिती शाळेचा विकास आराखडा करते. शिवाय समग्र शिक्षा योजनेतून शाळेला पटसंख्येनुसार वर्षाचं अनुदान येतं, किरकोळ दुरुस्ती त्यातून करता येते. तुमच्या मुलांचे आईवडील त्या समितीत असतील तर पहिली पायरी घरातच सापडेल.

ओढाताणीच्या घरांबद्दल थोडं मोठं लिहितो, कारण मी बिडी कामगारांच्या वस्तीत पुष्कळ वर्षं काम केलंय. या मुलांतल्या काहींना बिडी कामगार कल्याण निधीतून शिष्यवृत्ती मिळते. ती मिळते म्हणून वर्गात मान खाली घालणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना स्पष्ट सांगा की हा निधी उभा राहिला तो बिडी उत्पादनावर कायद्याने बसवलेल्या उपकरातून. १९७६ चा कायदा होता तो. जीएसटी आल्यावर तो उपकर गेला, योजना राहिली. त्यांच्या आयांनी वळलेल्या बिड्यांवरचाच तो पैसा. कुणाचे उपकार नाहीत.

कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहतही मुलांना दाखवून आणा. बिडी कामगार महिलांसाठीची १० हजार घरं. तिथे केंद्राने पैसे घातले, राज्याने घातले आणि बायकांनी स्वतःचा वाटा बिड्या वळून भरला. त्यामागे कित्येक वर्षांचे मोर्चे आणि पाठपुरावा होता. तुमच्या मुलाचा आणि मुलीचा वाद तिथे उभा राहून पुढे न्या. हे सरकारने केलं, की लोकांनी? मुलांना ठरवू द्या.

ताळेबंद

हिशोबाच्या प्रश्नाला उत्तर देते, माझा व्यवसायच तो आहे.

दीड-दोन हजार रुपये ही छोटी रक्कम नव्हे. शिकण्यासाठी अगदी योग्य आहे. एक वही करा: तारीख, जमा, खर्च, शिल्लक, पावती क्रमांक. डबा एकाकडे, वही दुसऱ्याकडे, आणि महिन्याअखेर तिसऱ्याने मोजायचं. वही सगळ्यांसमोर ठेवायची. मात्र कुणी किती दिले ती नावं मोठ्याने वाचू नका. एकत्र जमा लिहा. ज्याने काहीच दिलं नाही त्याला टाकी निवडायला, भाव काढायला पाठवा. तोही सहभागच.

आता मोठ्या संस्थांकडे या. महाराष्ट्रात धर्मादाय संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवावी लागते, नोंदणी क्रमांक मिळतो, दरवर्षी हिशोब द्यावे लागतात. नोंदणी नसलेल्या गणेशोत्सव मंडळालाही वर्गणी गोळा करण्याआधी कलम ४१-क खाली परवानगी घ्यावी लागते. तुमची मुलं स्वतः मंडळाच्या पावत्या फाडत असतीलच. पुढच्या उत्सवात त्यांनी मंडळाच्या मोठ्यांना नम्रपणे विचारावं: दादा, परवानगी घेतली का, आणि जमाखर्च फलकावर कधी लावणार?

मोबाईलवर आजारी बाळाचा फोटो आणि क्यूआर कोड आला की लगेच पैसे पाठवू नका, हेही सांगा. रुग्णालय कुठलं, खातं कुणाच्या नावावर, हे आधी पाहावं. आणि याच कायद्याच्या कलम ४१-कक प्रमाणे धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ही माहिती वेळेवर एखाद्या घरी पोचली तर त्या घराचं कर्ज वाचतं. दहावीच्या मुलाला ती माहीत असलीच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

शेंगाचटणी

सगळे कायद्याचंच लिहितायत, म्हणून घरातलं लिहिते. देणं या मुलांना नवीन नाही. सिद्धरामेश्वरांच्या गावात वाढलेल्या लिंगायत घरात आजी सांगते, आधी कायक आणि मग दासोह. आधी कष्टाने मिळवायचं, मग त्यातलं समाजाला द्यायचं. मुस्लिम मुलांना जकात ठाऊक असते: ठरावीक मर्यादेच्या वर वर्षभर राहिलेल्या बचतीचे अडीच टक्के, आणि ते कुणाला द्यायचे तेही ठरलेलं. अक्कलकोटच्या अन्नछत्रात बहुतेक सगळी जेवून आलेली असतात. प्रत्येकाला घरी विचारून यायला सांगा की आपल्याकडे कसं देतात, कुणाला देतात, का देतात. सगळ्यांचं ऐकल्यावर मग कर आणि दान यांतला फरक विचारा. जकातीला दर आहे, घरपट्टीलाही दर आहे. मग फरक कुठे? मुलं तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं बोलतील.

आणि भय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं स्मारक विसरू नका. आपल्या गावचा मुलगा १९३८ मध्ये चीनला जखमी सैनिकांची सेवा करायला गेला आणि १९४२ मध्ये तिथेच वारला. वेळ आणि विद्या देणं हेही दानच आहे.

सातरस्ता

@शेंगाचटणी, सहमत. पण टाकीच्या बाबतीत माझं मत कडक आहे. पैसे देऊ नयेत. एकदा मुलांनी टाकी दिली की पुढच्या दुरुस्तीलाही लोक मुलांकडेच बघतील, आणि फायलीत 'लोकसहभागातून काम पूर्ण' अशी नोंद होऊन विषय बंद होईल.

ताळेबंद

@सातरस्ता, तुमचा अनुभव मोठा आहे, पण मार्च-एप्रिलच्या सोलापूरच्या उन्हात सहा वर्षांच्या मुलाने फाईल हलायची वाट बघायची? टाकी महापालिकेकडे मागा आणि तोवर जमलेल्या पैशांतून नळ बदला, दोन माठ ठेवा. लेखी अर्जात तसं नमूद करा म्हणजे विषय बंद होणार नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. कालच्या रविवारी मुलांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. कलम ६३ ऐकल्यावर तो नववीतला मुलगा खूश झाला, आणि माठांची कल्पना ऐकल्यावर ती मुलगी. मुलांनी मतदान घेतलं. माठ आणि नळ आपल्या पैशांतून, टाकी महापालिकेकडून, असं ठरलं. वही सुरू झाली. बिडी कल्याण निधीचं सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "म्हणजे आमच्या अम्मीचेच पैसे?" आणि मग घरी सांगायला म्हणून सगळं वहीत उतरवून घेतलं.

मुलांनी लिहिलेला अर्ज खाली देते. भाषा त्यांचीच आहे, मी फक्त शुद्धलेखन पाहिलं.

"प्रति, मा. मुख्याध्यापक आणि मा. अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती. विषय: पिण्याच्या पाण्याची टाकी बदलण्याबाबत. आपल्या शाळेतील टाकी खालून गळते. चार नळांपैकी एकच चालतो. मधल्या सुट्टीत रांग लागते, घंटा होते आणि मागची मुलं पाणी न पिता वर्गात जातात. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे पुरेसं पाणी देणं आवश्यक आहे. आम्ही शेजारी राहणारे विद्यार्थी तात्पुरते दोन माठ आणि तीन नळ देत आहोत. नवी टाकी महापालिकेने द्यावी. समितीच्या पुढच्या सभेत हा विषय घ्यावा आणि काय ठरलं ते आम्हाला लेखी कळवावं. प्रत: विभागीय कार्यालय आणि प्रभागातील चारही नगरसेवक."

यात काही राहिलं का? आणि उत्तर आलंच नाही तर माहिती अधिकारात जावं का?

सातरस्ता

अर्ज चांगला आहे. नोकरीत मी मोठ्यांचेही एवढे स्वच्छ अर्ज फार थोडे पाहिले. माठांचं मला पटलं.

दोन गोष्टी राहिल्यात. तारीख घाला, आणि 'लेखी कळवावं' याला मुदत घाला, पंधरा दिवस म्हणा. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार जरूर, पण एखाद्या पालकाच्या नावाने करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, विषय एकच ठेवायचा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, असा आपल्या राज्याचा नियम आहे. 'टाकी का दिली नाही' असं विचारू नका. 'दोन वर्षांत या शाळेच्या पाण्याच्या सोयीवर झालेल्या खर्चाच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात' असं मागा. त्यांना ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर पहिलं अपील.

आणि आत्ताचा अर्ज देताना मुलांनाच पाठवा, दोन प्रती घेऊन. एक तिथे द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.